नको असलेली सालं

जुन्या वस्तू जमवणाऱ्या माणसांचं सालाशी फार घट्ट नातं असतं. नाणी जमवणारे घ्या, टपाल तिकिटं जमवणारे घ्या, पहिला प्रश्न ठरलेला, "कोणत्या सालचं?" अमेरिकेत जुन्या 'मसल कार' बाळगणाऱ्यांची एक मोठी जमात आहे, तिथेही हाच नियम. "माझ्याकडे मस्टँग आहे" असं कुणी म्हणालं की समोरचा लगेच साल विचारतो. उत्तर १९६७ आलं तर त्याचे डोळे चमकतात, तो खुर्ची पुढे ओढतो. उत्तर १९७४ आलं तर "अरे वा, छान" म्हणतो आणि विषय हवापाण्याकडे वळतो! कंपनी तीच, नाव तेच, धावत्या घोड्याचं चिन्हसुद्धा तेच. फरक फक्त सात वर्षांचा.

आता तुम्ही म्हणाल, बाईंना हे गाड्यांचं खूळ कुठून लागलं? सांगते. मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. गाडीतलं मला काही कळत नाही, चालवता तर मुळीच येत नाही. पण लेक दिलेली मिशिगनमध्ये, डेट्रॉइटच्या जवळ, आणि आमचे जावई पडले गाडीवेडे. त्यांच्याकडे राहायला गेलं की जेवणाच्या टेबलावर भाजी-पोळीबरोबर इंजिनंही वाढली जातात! ऐकता ऐकता मला जाणवलं की हे लोक गाड्यांबद्दल बोलत असले तरी त्यांचं बोलणं खरं तर इतिहासाबद्दलच आहे. आणि त्यात 'चांगली सालं' आणि 'नको असलेली सालं' अशी जी वाटणी आहे, ती मला फार ओळखीची वाटली. म्हणून वाचत गेले.

मुळात गाडीला साल का असावं? आपल्या पिढीला हा प्रश्न पडेलच. आपल्या अँबॅसॅडरला साल विचारून काय कळणार होतं? ती १९५७-५८ च्या सुमाराला आली आणि २०१४ मध्ये उत्पादन थांबेपर्यंत बाहेरून जवळपास तशीच राहिली. कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट, म्हणजे पुढची प्रीमियर पद्मिनी, तिचीही तीच गत. अमेरिकेत मात्र १९२० च्या दशकात जनरल मोटर्सच्या आल्फ्रेड स्लोन यांनी एक युक्ती रुजवली. दरवर्षी गाडीचा चेहरामोहरा थोडा बदलायचा, म्हणजे शेजाऱ्याची नवी गाडी पाहून आपली गेल्या वर्षीची जुनी वाटू लागेल. तिथलं नवं 'मॉडेल इयर' आदल्या वर्षाच्या सप्टेंबर-ऑक्टोबरातच बाजारात येतं. आपल्याकडे दिवाळी अंक निघतात ना, तसंच काहीसं. त्यामुळे तिथल्या जाणकाराला नुसते दिवे आणि बंपर पाहून साल सांगता येतं.

मसल कारची गोष्ट साधारण १९६४ पासून सुरू होते. जनरल मोटर्सने १९६३ च्या सुरुवातीला आपल्या सगळ्या शाखांना शर्यतींपासून लांब राहायला सांगितलं होतं. शिवाय मध्यम आकाराच्या गाडीत ३३० क्यूबिक इंचांपेक्षा मोठं इंजिन बसवायचं नाही, असा कंपनीचा नियम होता. पाँटिअॅक या शाखेतले मुख्य इंजिनिअर जॉन डिलोरिअन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातून पळवाट काढली. त्यांनी टेंपेस्ट नावाच्या साध्या गाडीत ३८९ क्यूबिक इंचांचं इंजिन बसवलं. आपल्या हिशेबात सुमारे ६४०० सीसी! (आपल्या अँबॅसॅडरचं १५०० सीसीच्या आत होतं.) वेगळी गाडी म्हणून वरिष्ठांची मंजुरी घ्यावी लागली असती, म्हणून ही जादा पैसे भरून घ्यायची 'सोय' म्हणून विकायला काढली. तिचं नाव जीटीओ. पहिल्याच वर्षी ३२,४५० गाड्या गेल्या, आणि १९६६ मध्ये ९६,९४६.

त्याच १९६४ च्या १७ एप्रिलला न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात फोर्डने मस्टँग आणली. ली आयाकोका यांचं नाव या गाडीशी कायमचं जोडलं गेलं. किंमत २,३६८ डॉलर, म्हणजे नुकत्याच नोकरीला लागलेल्या तरुणालाही जमेल अशी. पहिल्या बारा महिन्यांत चार लाखांच्या वर गाड्या खपल्या. तिच्या दोनच आठवडे आधी, १ एप्रिलला, प्लिमथची बॅराकुडा आली होती. पुढे शेव्हरलेची कमारो आली, डॉजची चार्जर आली. (जाणकार मस्टँग-कमारोला 'पोनी कार' म्हणतात आणि मसल कारपासून वेगळं काढतात. आपण त्या भानगडीत पडायला नको.) दुसऱ्या महायुद्धानंतर जन्मलेली मुलं तेव्हा वयात आली होती, खिशात पैसा होता, पेट्रोल स्वस्त होतं आणि रस्ते सरळ होते. १९६४ ते १९७१ ही झाली 'चांगली सालं'. १९७१ च्या मोठ्या हेमी इंजिनाच्या, उघड्या टपाच्या बॅराकुडा फक्त ११ निघाल्या. त्यातली एक २०१४ मध्ये लिलावात ३५ लाख डॉलरना गेली!

मग अचानक झालं काय? १९७२, ७३, ७४ या सालांना कुणाची दृष्ट लागली?

एकच कारण देता येत नाही. पहिला फटका विमा कंपन्यांनी दिला. पंचविशीच्या आतली मुलं एवढ्या ताकदीच्या गाड्या चालवून अपघात करत होती. हप्ते इतके वाढले की गाडी परवडे, पण विमा परवडेना. दुसरी गोष्ट हवेची. लॉस एंजेलिसवर पसरणारा पिवळट धुरकट थर कशाचा, हे कॅलटेकमधले शास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी १९५० च्या दशकात दाखवून दिलं होतं. गाड्यांचा धूर आणि ऊन यांच्या संयोगातून तो तयार होत होता. ३१ डिसेंबर १९७० रोजी अध्यक्ष निक्सन यांनी स्वच्छ हवेच्या कायद्यावर सही केली, आणि गाड्यांमधून निघणारे मुख्य दूषित वायू काही वर्षांत ९० टक्क्यांनी कमी करण्याचं बंधन आलं. जनरल मोटर्सने १९७१ च्या मॉडेलपासूनच इंजिनांचं कॉम्प्रेशन उतरवलं, म्हणजे ती कमी शिशाच्या आणि पुढे शिसेविरहित पेट्रोलवर चालावीत. कॉम्प्रेशन उतरलं की ताकद उतरते. मग आला बंपरचा नियम. १९७३ च्या मॉडेलपासून ताशी पाच मैलांच्या वेगाने पुढून धडक बसली तरी दिवे आणि सुरक्षेचे भाग शाबूत राहिले पाहिजेत. १९७४ पासून मागच्या बंपरलाही तेच लागू झालं. सुबक नाकाच्या गाड्यांना जाडजूड ओठ आले!

आणि शेवटी तेल. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटलं, अरब देशांनी अमेरिकेचा तेलपुरवठा रोखला. पिंपाला तीन डॉलरच्या आसपास असलेलं तेल जानेवारी १९७४ पर्यंत बारा डॉलरच्या घरात गेलं. काही राज्यांत गाडीच्या नंबरप्रमाणे सम-विषम तारखांना पेट्रोल मिळू लागलं. जानेवारी १९७४ मध्ये देशभर ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा लावणारा कायदा झाला. ते दिवस आपल्यालाही आठवत असतील. मी तेव्हा नुकतीच नोकरीला लागले होते. बहात्तरच्या दुष्काळातून जेमतेम सावरतोय तोच रॉकेलच्या रांगा लागल्या. पेट्रोलच्या दरवाढीच्या निषेधार्थ अटलबिहारी वाजपेयी नोव्हेंबर १९७३ मध्ये बैलगाडीतून संसदेत गेले होते. एकाच तेलाच्या झटक्याने दिल्लीत बैलगाडी निघाली आणि डेट्रॉइटमध्ये मसल कार बसली, असं म्हणायला हरकत नाही.

इथे एक गंमत सांगायलाच हवी, कारण ती मास्तरकीच्या धंद्यातली आहे. या सालांच्या गाड्यांची बदनामी आकड्यांनीही केली. १९७१ पर्यंत कंपन्या इंजिनाची ताकद मोजायच्या ती इंजिन गाडीबाहेर काढून. पंखा नाही, सायलेन्सर नाही, हवा गाळायची चाळणी नाही, कसलंही ओझं नाही. १९७२ पासून हे सगळं जोडून, गाडीत असतं तसं मोजायचं ठरलं. जनरल मोटर्सने १९७१ ला दोन्ही आकडे दिले होते. कमारो झेड-२८ चं इंजिन जुन्या मापाने ३३० हॉर्सपॉवरचं, आणि तेच, त्याच सालचं इंजिन नव्या मापाने २७५ चं! १९७२ ला ते खरोखरच घसरून २५५ झालं. म्हणजे ३३० वरून २५५ ही जी पडझड लोक सांगतात, त्यातली ५५ ची घसरण निव्वळ कागदावरची आणि २० ची खरी. पेपर तोच, पण यंदा कडक परीक्षकाकडे गेला. आणि पोरगं मात्र आयुष्यभरासाठी 'ढ' ठरलं.

आता त्या १९७४ च्या मस्टँगकडे या. दरवर्षी फुगत फुगत मस्टँग १९७३ पर्यंत चांगलीच लांबरुंद झाली होती. खप घसरून १,३४,८६७ वर आला होता. आयाकोका यांनी ती मोडीत काढून फोर्डच्या पिंटो या छोट्या गाडीच्या घडणीवर नवी मस्टँग काढली. नाव मस्टँग टू. आधीच्या गाडीपेक्षा सुमारे दीड फूट आखूड, आणि आठ सिलिंडरचं इंजिन पहिल्या वर्षी अमेरिकेत मिळतच नव्हतं. आजचे शौकीन तिला मस्टँग मानायलाच तयार नसतात. पण त्या वर्षी ती विकली किती गेली? ३,८५,९९३! आदल्या वर्षाच्या जवळजवळ तिप्पट. ती सप्टेंबर १९७३ मध्ये बाजारात आली आणि काही महिन्यांतच पेट्रोलपंपावर रांगा लागल्या. लोकांना तेव्हा नेमकी अशीच गाडी हवी होती. 'मोटर ट्रेंड' मासिकाने तिला १९७४ ची सर्वोत्तम गाडी ठरवलं. या गाडीने मस्टँगचं नाव तगवलं, असं मला वाटतं. कारण बाकीच्यांचं काय झालं ते पाहा. बॅराकुडा १ एप्रिल १९७४ ला बंद झाली, जन्मली त्याच तारखेला, बरोबर दहा वर्षांची होऊन. जीटीओचं नाव १९७४ ला एका लहान गाडीवर लावलं गेलं, ७,०५८ गाड्या गेल्या आणि तीही बंद पडली. ते नाव परत आलं ते थेट २००४ मध्ये, ऑस्ट्रेलियात बनलेल्या गाडीवर.

इथे एका समजाला धक्का बसतो. आपल्याला वाटतं, जे दुर्मीळ ते महाग. जीटीओ १९६६ ला ९६,९४६ निघाल्या आणि १९७३ ला फक्त ४,८०६. या हिशेबाने १९७३ ची सोन्याच्या भावाने जायला हवी. पण तसं नाही, १९६६ चीच महाग. दुर्मीळ असणं पुरेसं नसतं, कुणाला तरी ती हवीशी वाटावी लागते. आणि हवंसं वाटणं कुठून येतं? बहुधा विशीतल्या आठवणीतून आणि सिनेमातून.

सिनेमाचं उदाहरण तर मासलेवाईक आहे. १९७४ मध्ये 'गॉन इन सिक्स्टी सेकंड्स' नावाचा चित्रपट आला. त्यात 'एलेनॉर' नावाची पिवळी मस्टँग होती, १९७१ ची, पण १९७३ सारखी सजवलेली. म्हणजे 'नको' सालांतल्या रूपाची. सन २००० मध्ये त्याच नावाचा नवा चित्रपट निघाला, त्यातही एलेनॉर होती, पण आता ती १९६७ ची मस्टँग झाली होती! लोकांच्या मनातला 'चांगला काळ' सव्वीस वर्षांत कुठे जाऊन बसला, ते या एका बदलावरून कळतं. उलटही घडतं. १९७७ च्या 'स्मोकी अँड द बँडिट' मध्ये पाँटिअॅकची काळी ट्रान्स अॅम धावली. इंजिनाची ताकद तेव्हा पार उतरलेली होती. तरी त्या गाडीचा खप १९७६ च्या ४६,७०१ वरून १९७९ मध्ये १,१७,१०८ वर गेला, आणि त्या ट्रान्स अॅमला आजही शौकिनांकडे मान आहे. तेव्हा इंजिनच सगळं ठरवतं, असं मानायचं कारण नाही.

आम्ही इतिहासाचे शिक्षक काही वेगळे नव्हतो. प्रत्येक राजवटीचे तीन कप्पे करायचे, उदय, उत्कर्ष आणि ऱ्हास. उत्कर्षाला पाच तास, ऱ्हासाला एक. त्यावर प्रश्नही ठरलेला, 'ऱ्हासाची कारणे लिहा', पाच गुण. मुलं पाच मुद्दे पाठ करायची आणि पाच गुण घ्यायची. त्या उतरत्या वर्षांत माणसं जगत होती, काहीतरी नवं बनवत होती, कुणासाठी तरी तो काळ बरा होता, हे उत्तरपत्रिकेत मावत नसे. गाड्यांचा बाजारही तेच करतो. १९७१ नंतर रेघ मारतो आणि खाली लिहितो, ऱ्हास.

पण त्या रेघेखाली काय आहे? १९७५ च्या मॉडेलपासून बहुतेक अमेरिकी गाड्यांत धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसला. शिसं त्याला निकामी करतं, म्हणून शिसेविरहित पेट्रोल हवं. १९७४ पासून मोठ्या पंपांवर ते ठेवणं सक्तीचं झालं. पुढे अमेरिकेत देशभर रक्ततपासण्या झाल्या तेव्हा १९७६ ते १९८० या चारच वर्षांत लोकांच्या रक्तातलं शिशाचं सरासरी प्रमाण सुमारे ३७ टक्क्यांनी उतरल्याचं दिसलं. शिसं लहान मुलांच्या मेंदूला कसं ग्रासतं, हे आता सर्वमान्य आहे. (आपल्याकडे देशभर शिसेविरहित पेट्रोल यायला २००० साल उजाडलं.) चाळीस वर्षं मुलांसमोर उभी राहिलेली बाई म्हणून मला हा आकडा कुठल्याही हॉर्सपॉवरपेक्षा मोठा वाटतो. त्या सालांच्या गाड्यांनी जे गमावलं, त्यातलं काही मुलांच्या रक्तात जमा झालं, असाच हा हिशेब आहे.

म्हणून त्या गाड्या फार गुणी होत्या असं मात्र मी म्हणणार नाही. इंजिनिअरांना वेळ कमी मिळाला होता. जुन्याच इंजिनांना नळ्या आणि झडपा जोडून कसंतरी नियमात बसवलं होतं. सकाळी गाडी लवकर सुरू होत नसे, सिग्नलला बंद पडे, पेट्रोलही जास्त पिई. १९७४ च्या गाड्यांत तर पट्टा लावल्याशिवाय गाडी सुरूच होणार नाही अशी सोय होती. लोक इतके वैतागले की त्याच वर्षी अमेरिकी संसदेला ती सक्ती उठवावी लागली. जुना मार्ग संपला होता, नवा सापडला नव्हता. अशा काळात बनलेल्या वस्तूत खोट राहणारच.

खरा प्रश्न पुढचा आहे. या गाड्यांचं आज काय होतं?

१९६७-६९ च्या कमारोचा दरवाजा सडला तर नवा बनवून विकणारे आहेत. त्या सालांचं बारीकसारीक सामान आजही नव्याने तयार होतं, कारण गिऱ्हाईक आहे. नको असलेल्या सालांचं सामान कुणी फारसं बनवत नाही. एखादी काच किंवा दिव्याची चौकट हवी असेल तर भंगारवाल्यांकडे फिरावं लागतं. त्यात रंगकाम, पत्राकाम, इंजिनकाम यांची मजुरी दोन्ही गाड्यांना सारखीच. म्हणजे दुरुस्तीला खर्च तेवढाच, किंवा जास्तच, आणि शेवटी किंमत पाव. कुठलाही व्यवहारी माणूस सांगेल, नाद सोड.

त्यामुळे या गाड्या सुट्या होतात. १९७२ ते ७४ च्या बॅराकुडाला पुढून १९७१ चे चार दिवे बसवून ती १९७१ ची असल्यासारखी सजवली जाते. चार दारांच्या साध्या गाड्या दोन दारांच्या मानाच्या गाड्यांना भाग पुरवण्यासाठी कापल्या जातात. आणि मस्टँग टू ची कथा तर ऐकण्यासारखी आहे. तिच्या पुढच्या चाकांची जोडणी, म्हणजे सस्पेन्शन, आटोपशीर आणि चांगलं निघालं. जुन्या गाड्या नव्याने बांधणाऱ्यांनी ते इतकं उचललं की 'मस्टँग टू फ्रंट एंड' हे त्या धंद्यातलं एक नावच होऊन बसलं. आता त्या धर्तीचे नवे सांगाडे बनवून मिळतात, पण आधी कित्येक मस्टँग टू फक्त तेवढ्यासाठी कापल्या गेल्या. ज्या गाडीला नावं ठेवली, तिचेच पाय लावून दुसऱ्यांच्या गाड्या मिरवतात!

एखाद्या काळाचा पुरावा असाच नाहीसा होतो. कुणी मुद्दाम जाळत नाही, नुसता उपयोगाला काढतो. शंभर वर्षांनी संग्रहालयात १९६९ च्या गाड्यांची रांग असेल, तिच्यापुढे थेट १९९० च्या गाड्या असतील, आणि मधल्या पंधरावीस वर्षांत अमेरिकेने वेग, हवा आणि तेल यांचा हिशेब कसा घातला, हे सांगणारी एखादीच कोपऱ्यात उभी असेल.

तरीही काही माणसं या गाड्या सांभाळतात. डेट्रॉइटमधून पाँटिअॅक गावापर्यंत जाणाऱ्या वुडवर्ड अव्हेन्यूवर ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी जुन्या गाड्यांचा मेळा भरतो, १९९५ पासून. आम्ही एकदा गेलो होतो. आपल्याकडे पालखी बघायला लोक रस्त्याच्या कडेला बसतात, तसे हजारो लोक घडीच्या खुर्च्या टाकून बसलेले. एका मैदानाच्या टोकाला तपकिरी रंगाची मस्टँग टू उभी होती. जवळ तिचा मालक, माझ्याच वयाचा, एकटाच. आमच्या जावयांनी चौकशी केली तेव्हा त्याला कोण आनंद झाला! त्याच्या वडिलांनी ती नवी घेतली होती, १९७४ च्या सुरुवातीला. आधीची मोठी गाडी पेट्रोलअभावी दारात उभी राहायची आणि कारखान्याच्या पाळीला वेळेवर पोचायचं होतं. या गाडीने वडील कधी कामावर उशिरा गेले नाहीत, एवढंच त्याचं म्हणणं. विकून काही येणार नाही हे त्याला ठाऊक होतं. वडिलांच्या हातची पेट्रोलच्या हिशेबाची छोटी वही अजून समोरच्या कप्प्यात होती, ती त्याने आम्हाला उघडून दाखवली. तारीख, गॅलन, पैसे. प्रत्येक नोंद नीट ओळीत.

मी इतिहासाची विद्यार्थिनी, मला ती वही गाडीपेक्षा मोलाची वाटली. पण वही राहिली ती गाडी राहिली म्हणूनच, नाही का? गाडी कापली गेली असती तर वही आधी कचऱ्यात गेली असती.

एक मजेशीर गोष्ट सांगून थांबते. कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या गाड्यांना धुराची तपासणी माफ आहे. १९७६ पासूनच्या गाड्यांना ती दर दोन वर्षांनी करावी लागते. त्यामुळे तिथे जुनी गाडी घेणारे तरुण आता नको असलेल्या सालांकडेही वळून बघतात म्हणे. १९७४-७५ ची गाडी खिशाला परवडते आणि तपासणीची कटकट नाही. हवा शुद्ध करण्याच्या कायद्यामुळे ज्या गाड्या नावडत्या झाल्या, त्यांना त्याच कायद्याच्या सवलतीने गिऱ्हाईक मिळावं, याला काय म्हणावं!

तेव्हा तुमच्यापैकी कुणी मुलांकडे अमेरिकेत गेलात आणि अशा एखाद्या मेळ्यात घेऊन गेलेच, तर चकचकीत गाड्या जरूर बघा, त्या सुंदर असतातच. पण टोकाला, जिथे गर्दी नसते, तिथेही दोन मिनिटं थांबा आणि मालकाला साल विचारा. त्याने ७३, ७४, ७५ असं काही सांगितलं, तर एवढंच करा, विषय हवापाण्याकडे वळवू नका. ती गाडी घरात कशी आली ते विचारा. तो सांगेल.